कोशित्से मॅरेथॉन: लहान शहरातली शर्यत शंभर वर्षे कशी टिकली आणि ती धावायची कशी?

मॅरेथॉन म्हटले की बोस्टन, लंडन, बर्लिन किंवा आपली मुंबई डोळ्यांसमोर येते. युरोपातली सर्वांत जुनी मॅरेथॉन मात्र कोणत्याच महानगरात होत नाही. ती होते स्लोव्हाकियाच्या पूर्व भागातल्या कोशित्से या शहरात. शहराची लोकसंख्या साधारण सव्वादोन लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या जालन्यापेक्षाही कमी. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे ‘आंतरराष्ट्रीय शांतता मॅरेथॉन’ धावली जाते. २०२४ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. तिच्याआधी सुरू होऊन आजही धावल्या जाणाऱ्या मॅरेथॉनमध्ये पहिले नाव येते ते १८९७ पासूनच्या बोस्टनचे.

एवढ्या लहान शहरात ही शर्यत रुजली कशी, ती शरद ऋतूतच का होते आणि अशा शर्यतीत धावणे मुंबईत धावण्यापेक्षा वेगळे कसे, ते पाहू.

सुरुवात कशी झाली?

१९२४ चे ऑलिम्पिक पॅरिसमध्ये झाले. कोशित्से शहरातले क्रीडा कार्यकर्ते वोयतेख बुकोव्स्की ते पाहायला गेले होते. तिथली मॅरेथॉन त्यांच्या मनात भरली आणि परतल्यावर त्यांनी आपल्या गावात तशी शर्यत घ्यायचे ठरवले. त्यांनी वेळ दवडला नाही. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तुर्न्या या गावातून कोशित्सेच्या दिशेने शर्यत सुटली. तारीखही विचारपूर्वक निवडलेली होती, कारण २८ ऑक्टोबर हा चेकोस्लोव्हाकियाचा स्थापना दिन आणि ते प्रजासत्ताक तेव्हा अवघे सहा वर्षांचे होते.

धावायला उभे होते फक्त आठ जण. कारोल हाल्ला हा त्यांच्यात पहिला आला. त्याची वेळ ३ तास १ मिनिट ३५ सेकंद. आजचे हौशी धावपटू तीन तासांच्या आत येण्यासाठी वर्षानुवर्षे घाम गाळतात. तेव्हाचे बूट, कच्चे रस्ते आणि पाण्याच्या सोयी पाहता हाल्लाची वेळ अजिबात सामान्य नव्हती.

पुढच्या वर्षांत बाहेरच्या देशांतले धावपटू येऊ लागले. १९३१ मध्ये अर्जेंटिनाचा हुआन कार्लोस साबाला इथे जिंकला आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजलिसला ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून गेला. १९६१ मध्ये तर खुद्द इथिओपियाचा अबेबे बिकिला आला. आदल्या वर्षी रोमच्या रस्त्यांवर अनवाणी धावून त्याने ऑलिम्पिक जिंकले होते. कोशित्सेत तो २ तास २० मिनिटे १२ सेकंदांत पहिला आला. त्या काळात आणि नंतरही अनेक दशके मार्ग होता कोशित्से ते हंगेरीच्या सीमेकडचे सेन्या गाव आणि परत. ऑलिम्पिक विजेता शेतांमधल्या रस्त्याने गावाला वळसा घालून परत येतोय, हे दृश्य आज महानगरांच्या मॅरेथॉनमध्ये मिळणार नाही.

महिलांसाठी ही शर्यत १९८० मध्ये खुली झाली. आज हे उशिराचे वाटते, पण ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडावे लागले.

देश बदलले, शर्यत राहिली

कोशित्सेचा इतिहास वाचताना सारखे नकाशे बदलावे लागतात. पहिल्या महायुद्धापर्यंत हे शहर हंगेरीच्या राज्यात होते आणि त्याचे नाव होते काश्शा. १९१८ नंतर ते चेकोस्लोव्हाकियात आले. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हिएन्नाच्या निवाड्याने ते पुन्हा हंगेरीकडे गेले. १९४५ मध्ये परत चेकोस्लोव्हाकिया आणि १ जानेवारी १९९३ पासून स्वतंत्र स्लोव्हाकिया. शर्यत सुरू झाल्यापासून शहराचा देश असा तीनदा बदलला.

या सगळ्या उलथापालथीत शर्यत फक्त दोनदा चुकली, १९३८ आणि १९४० मध्ये. हंगेरीच्या ताब्यातली युद्धाची वर्षेही तिने काढली. युद्धानंतर आलेली साम्यवादी राजवट गेली, चेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले, तरी शर्यत चालू राहिली.

याचे श्रेय कोणाला? माझ्या मते शहराच्या आकाराला. महानगरात मॅरेथॉन हा वर्षभरातल्या शेकडो कार्यक्रमांपैकी एक असतो आणि प्रायोजक गेला की तो डळमळतो. कोशित्सेत मॅरेथॉन ही शहराची ओळखच आहे. भर शहरात धावपटूचा पुतळा उभा आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. ज्या चौकात तो उभा आहे, त्या चौकाचे नावही ‘शांतता मॅरेथॉन चौक’ असेच आहे. गावची जत्रा ज्या कारणाने टिकते, त्याच कारणाने ही शर्यत टिकली: तिची तिथी सगळ्यांना पाठ असते.

शरद ऋतूच का?

आपल्याकडे शरद म्हणजे ‘ऑक्टोबर हीट’. पाऊस संपलेला, ऊन चटके देणारे आणि हवेत अजून ओल. म्हणून मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि पुण्याची डिसेंबरात होते. सप्टेंबरात धावली जाणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन हा अपवाद, पण तिला यवतेश्वर घाटाची उंची आणि ढग साथ देतात. शिवाय ती २१ किलोमीटरची असते. (मराठीत ‘मॅरेथॉन’ हा शब्द तीन किलोमीटरच्या रॅलीपासून चार तासांच्या बैठकीपर्यंत कशालाही लावतात. शर्यत म्हणून मॅरेथॉनचे अंतर एकच, ४२.१९५ किलोमीटर.)

मध्य युरोपातला ऑक्टोबर वेगळा असतो. सकाळी तापमान बहुधा एकअंकी, दुपारी पंधरा अंशांच्या आसपास. मॅरेथॉनसाठी हे जवळपास आदर्श आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीराला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, म्हणजे तेवढे रक्त स्नायूंना कमी पडते. हवा थंड असली की ही ओढाताण कमी होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनचे २००१ ते २०१० मधले निकाल तपासले गेले. धावपटूच्या दर्जानुसार सर्वांत अनुकूल तापमान साधारण ४ ते १० अंश निघाले. मुंबईच्या धावपटूला हा आकडा वाचूनच हुडहुडी भरेल.

लहान शहराची शर्यत धावायला वेगळी का?

कोशित्सेचा सध्याचा मार्ग शहरातच आहे, बराचसा सपाट आणि दोन फेऱ्यांचा. मध्ययुगीन इमारतींनी वेढलेला ह्लाव्ना हा मुख्य रस्ता आणि तिथले सेंट एलिझाबेथ कॅथेड्रल ही त्याची ओळख.

लहान शर्यतीचा पहिला फायदा सुरुवातीलाच कळतो. मोठ्या मॅरेथॉनमध्ये बंदुकीचा बार झाल्यावर प्रारंभरेषेपर्यंत पोहोचायलाच कितीतरी मिनिटे जातात आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर लोकांना चुकवत जावे लागते. इथे लगेच मोकळा रस्ता मिळतो. वळणे आतून घेता येतात, याचाही हिशेब आहे. मार्गाची अधिकृत मोजणी प्रमाणित सायकलने आणि सर्वांत जवळच्या रेषेने होते, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. गर्दीमुळे जो बाहेरून वळतो तो ४२.१९५ पेक्षा जास्त धावतो. घड्याळात अंतर जास्त दिसले की लोक आयोजकांना नावे ठेवतात. बहुतेक वेळा ते अंतर त्यांनी स्वतःच वाढवलेले असते.

पण मोकळा रस्ता फसवतोही. गर्दीचा लगाम नसतो, हवा थंड असते, पाय ताजे असतात, आणि शेजारून हाफ मॅरेथॉन व रिलेचे धावपटू सुसाट जात असतात. त्यांच्या वेगाला लागलात की संपले. चार तासांचे लक्ष्य असेल तर किलोमीटरला साधारण ५ मिनिटे ४० सेकंद पुरतात. पहिले पाच किलोमीटर ‘आपण फारच हळू चाललोय’ असे वाटले, तर वेग बरोबर आहे असे समजावे.

खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत असते. एकवीस किलोमीटरला हाफवाले थांबतात, त्यांना पदके मिळतात, आणि तुम्ही त्याच गर्दीला मागे टाकून पुढे निघता. काही मिनिटांत रस्ता विरळ होतो. मुंबईत पेडर रोडच्या चढावर लोक ओरडून तुम्हाला वर चढवतात. लहान शहरात तिसाव्या किलोमीटरला तुमच्यापुढे शंभर मीटरवर एक पाठ दिसते आणि मागे कोणाची तरी पावले वाजतात, इतकेच.

शरीराचे गणितही नेमके तेव्हाच कोलमडते. साठ किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी अंदाजे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतातले ग्लायकोजेन मात्र साधारण १,८०० ते २,००० किलोकॅलरीचे असते. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून तिशीच्या आसपास धावपटू ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती आडवी येते. यावरचा उपाय तिथे पोहोचण्याच्या खूप आधी करायचा असतो. पहिल्या तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके जेल, केळे किंवा खजुरातून घ्यावीत. जे घ्यायचे ते सरावात पोटाला आधी सवयीचे करावे. थंडीत तहान कमी लागते म्हणून पाणी टाळू नये आणि भीतीपोटी प्रत्येक टेबलावर पेलाभर पिऊही नये. गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातले सोडियम घसरते आणि ते जिवावर बेतू शकते.

एकटेपणावरही इलाज आहेत. पहिली फेरी पाहणी समजून धावा: पाण्याची टेबले कुठे आहेत, वारा कोणत्या रस्त्यावर समोरून येतो, पाय कुठे जड होतात, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत ती माहिती तुमच्या कामाची. विशीच्या आधीच आपल्या वेगाचा एखादा सोबती हेरून ठेवा, कारण नंतर शोधायला माणसे उरत नाहीत. आणि घरचे कोणी बरोबर असेल तर त्यांना शेवटच्या रेषेवर उभे करू नका. तिथे तुम्ही कसेही पोहोचताच. त्यांना ३२ ते ३५ किलोमीटरच्या मध्ये उभे करा.

पहिलीच मॅरेथॉन असेल तर मी गर्दीचीच सुचवेन. दोन-तीन झाल्या असतील आणि स्वतःची वेळ सुधारायची असेल, तर अशी शर्यत शोधावी.

महाराष्ट्रातून तयारी

ऑक्टोबरच्या शर्यतीसाठी सोळा आठवड्यांचा सराव म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, अख्खा पावसाळा. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि तेवढ्याच श्रमात वेग कमी मिळतो. जुलैतल्या वेळा पाहून खचू नका. श्वास आणि हृदयगतीवर सराव करा. थंड हवेत वेग आपोआप सुधारतो. ३० किलोमीटरच्या आसपासच्या तीन-चार लांब धावा झाल्याच पाहिजेत. त्या गणपतीच्या गर्दीत अडकू नयेत म्हणून कॅलेंडर आधीच बघून ठेवा. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणायचे.

आणखी एक पेच आपल्याच लोकांचा. शर्यत काही वर्षी नवरात्रात येते. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि शर्यत ६ ला. शेवटचे दोन-तीन दिवस कर्बोदके वाढवायची असतात, तेव्हा निर्जळी किंवा एकभुक्त राहून ४२ किलोमीटर धावणे धोक्याचे. उपवास सोडायचा नसेल तर साबुदाणा कामी येतो, कारण तो जवळपास निव्वळ पिष्ट आहे. फक्त तुपात आणि शेंगदाण्याच्या कुटात न्हालेल्या खिचडीपेक्षा खीर बरी. रताळीही चालतील. हे सामान घरूनच न्यावे.

थंडीसाठी हातमोजे आणि एक जुना स्वेटर ठेवा. शर्यत सुटेपर्यंत तो घालायचा आणि मग टाकून द्यायचा.

पोहोचायचे कसे?

स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि तिथे युरो चालतो. व्हिसासाठी उन्हाळ्यातच हालचाल करावी. व्हिएन्ना किंवा बुडापेस्टला उतरून रेल्वे वा बसने कोशित्से गाठता येते. व्हिएन्नाकडून जाताना अख्खा देश ओलांडावा लागतो, बुडापेस्ट तुलनेने जवळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारताचे घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत पहाटेच जाग येते. सकाळच्या शर्यतीसाठी ती मोडायची गरज नाही. दोन दिवस आधी पोहोचा आणि रात्री लवकर झोपा.