अंधारात पाहणारी स्वस्त चिप : मायक्रोबोलोमीटरचा इतिहास

प्रस्तावना

उष्णतेवरून चित्र काढणारा कॅमेरा एके काळी प्रामुख्याने लष्कराकडे असे. आज तो मोबाईलला जोडता येतो. हा बदल अधिक संवेदनशील संवेदकामुळे झाला नाही. उलट, मंद आणि कमी संवेदनशील, पण नेहमीच्या चिपच्या पद्धतीने बनणारा संवेदक पुढे गेला. तो कसा, हे या पाठात पाहू.

अडचण कोठे होती?

1800 साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापी ठेवला आणि तेथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. मानवी शरीराचे उत्सर्जन 9 ते 10 मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ सर्वाधिक असते. सिलिकॉनला मात्र सुमारे 1.1 मायक्रोमीटरपलीकडचा प्रकाश ओळखता येत नाही, कारण त्या फोटॉनची ऊर्जा त्याच्या ऊर्जाअंतरापेक्षा कमी पडते.

1959 साली ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील संशोधकांनी मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड हे अर्धवाहक संयुग पुढे आणले. त्याचे ऊर्जाअंतर लहान असल्याने ते हे किरण ओळखते. पण त्याच कारणाने खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळेच त्यात भरपूर इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि खरा संकेत त्यात बुडतो. म्हणून संवेदक सुमारे 77 केल्विनपर्यंत थंड करावा लागे. महाग स्फटिक आणि त्यावर शीतकरण यंत्रणा, त्यामुळे किंमत खाली येईना.

जुनी कल्पना, नवी पद्धत

1880 च्या सुमारास सॅम्युएल लँग्ली यांनी बोलोमीटर तयार केला होता. त्यात प्रारणाने धातूची पातळ पट्टी तापते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि तो मोजला जातो. येथे फोटॉन मोजायचे नसून तापमान मोजायचे असल्याने सिलिकॉनची मर्यादा आड येत नाही.

1980 च्या दशकात अमेरिकेतील हनीवेल कंपनीत अँड्र्यू वुड आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व चिपवर आणले. वाचन-परिपथ असलेल्या सिलिकॉनवर सुमारे 2.5 मायक्रोमीटर उंचीवर, बारीक पायांवर उभे असे सिलिकॉन नायट्राइडचे पूल त्यांनी कोरले. प्रत्येक पुलावर व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर होता. त्याचा रोध दर अंशाला सुमारे 2 टक्के बदलतो. समोरच्या वस्तूचे तापमान 1 अंशाने बदलले, तर पूल अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाने किंवा त्याहूनही कमी तापतो. ही उष्णता निसटू नये म्हणून पाय बारीक हवेत आणि भोवती निर्वात हवा. लष्करी निधीतून झालेले हे काम 1992 पर्यंत गुप्त होते. त्यानंतर इतर कंपन्यांना परवाने मिळाले.

कारखान्याला मानवेल असा संवेदक

व्हॅनेडियम ऑक्साइड हा नेहमीच्या चिप कारखान्यातला पदार्थ नव्हे. म्हणून फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथील लेती प्रयोगशाळेने 1990 च्या दशकात अस्फटिक सिलिकॉनचा मार्ग घेतला. जपानमध्ये मित्सुबिशी इलेक्ट्रिकने 1999 च्या सुमारास आणखी पुढे जाऊन साधे सिलिकॉन डायोड वापरले आणि 320 × 240 बिंदूंचा संवेदक बनवला. डायोडवरील व्होल्टता दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने घटते. टक्केवारीत हा बदल व्हॅनेडियम ऑक्साइडपेक्षा बराच कमी आहे. पण एकस्फटिकी सिलिकॉनमधला विद्युत गोंगाटही कमी असतो आणि अनेक डायोड एकामागे एक जोडता येतात.

चिप स्वस्त झाली तरी निर्वात आवरण आणि जर्मेनियमचे भिंग यांचा खर्च उरला. साधी काच या किरणांना अपारदर्शक असल्याने भिंग वेगळे लागते. पुढे संपूर्ण वेफरवर एकाच वेळी आवरण बसवण्याची पद्धत आली. 2014 साली फ्लिर कंपनीचा 80 × 60 बिंदूंचा 'लेप्टन' मोबाईलच्या जोडउपकरणात पोहोचला.

तरी बंधने संपली नाहीत. निर्यातनियमांमुळे असे अनेक कॅमेरे सेकंदाला 9 पेक्षा जास्त चित्रे देत नाहीत. चिपचा वेग याहून अधिक असू शकतो, पण जलद कॅमेरा शस्त्राला उपयोगी पडतो म्हणून हा आकडा नियमाने ठरवला आहे.

विचारासाठी प्रश्न

1. पुलाचे पाय अधिक बारीक केले तर संवेदनशीलता वाढते, पण प्रतिसाद मंदावतो. का?
2. डायोडचा तापमान-गुणांक कमी असूनही तो मार्ग किफायतशीर का ठरला?