रेघेतला लिबास : ठाणे-कल्याणच्या रस्त्यांचा एक दुर्लक्षित इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यासमोर किल्ले, लढाया, सनदा आणि सनावळ्या उभ्या राहतात. शाळेत आम्हीही मुलांना तेच शिकवतो, कारण परीक्षेत तेच विचारले जाते. पण ज्या माणसांनी हा इतिहास घडवला किंवा सोसला ती माणसे रस्त्यावरून चालताना कशी दिसत होती, डोक्यावर काय बांधत होती, त्यांच्या बायका घराबाहेर पडताना काय पांघरत होत्या, हे प्रश्न किरकोळ समजले जातात. आम्हाला ते किरकोळ वाटत नाहीत. माणसाची जात, धंदा, ऐपत, मजहब आणि जमाना या सगळ्यांचा पहिला पुरावा त्याच्या अंगावरच असतो. हा पुरावा फार लवकर फाटतो, विरतो आणि चिंध्यांत जातो. कोणी त्याचे चित्र काढून ठेवले तरच तो टिकतो. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांवरचा लिबास कोणी पाहिला, कोणी रेखाटला आणि कोणाचा राहून गेला, याचा हा मागोवा.

कापडाचे बंदर

आपला हा मुलूख मुळात कापडाचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी भेटतात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी लेखक कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाची गणना करतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या कातड्याची आणि सुती कापडाची वाखाणणी केली. ठाण्याच्या नावावरून ‘तानशी’ म्हणून ओळखले जाणारे कापड अरबी भूगोलकारांना माहीत होते. पुढे पोर्तुगीजांनीही ठाण्याच्या रेशीम विणकरांची दखल घेतली. शेजारच्या भिवंडीत १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडून मोमीन विणकर आले आणि हातमागावरून यंत्रमागाकडे गेले. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले, त्याचे उल्हासनगर झाले आणि तेथे जीन्स शिवली जाऊ लागली. थोडक्यात, जगाला कपडे घालणाऱ्यांची ही वस्ती आहे. अशा वस्तीने स्वतःच्या कपड्यांची नोंद ठेवू नये, ही नवलाची गोष्ट आहे.

एक नोंद मात्र प्रत्येक मराठी मुसलमानाने पाठ करून ठेवावी अशी आहे. दहाव्या शतकात इब्न हौकल या अरब भूगोलकाराने खंबायतपासून सैमूरपर्यंतच्या किनारपट्टीचे वर्णन केले. सैमूर म्हणजे आपले चौल. ठाणे आणि सोपारा याच पट्ट्यात येतात. तो सांगतो की या भागातले मुसलमान आणि इतर लोक एकसारखाच पोशाख करतात, दाढीही सारखीच राखतात आणि उकाड्यामुळे तलम सुती वस्त्रे वापरतात. बाहेरून आलेल्या, स्वतः मुसलमान असलेल्या प्रवाशाची ही साक्ष आहे. त्याने यात काही वावगे पाहिले नाही. हवा दमट होती, कापड तलम होते, माणसे शेजारी होती, म्हणून पोशाख सारखा होता. आज कपड्यावरून माणूस ओळखण्याची भाषा उघडपणे बोलली जाते, तेव्हा हजार वर्षांपूर्वीची ही साधी ओळ मोलाची ठरते.

परक्यांच्या वहीतले आपण

चित्रांचा इतिहास सुरू होतो तो परक्यांपासून. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात एक चित्रसंग्रह आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, पोर्तुगीजांच्या मागणीवरून तो तयार झाला. त्यात ७६ जलरंगचित्रे आहेत आणि हिंदुस्थानासह पूर्वेकडील अनेक देशांतल्या लोकांचे पोशाख आहेत. १५९६ साली लिन्स्खोटेन या डच गृहस्थाचा ग्रंथ निघाला. गोव्यात राहून पाहिलेल्या लोकांचे पोशाख त्याने चित्रांसह छापले. ही पुस्तके युरोपात पाहिली गेली ती जवळजवळ आजच्या फॅशनच्या मासिकांसारखीच : दूरच्या देशात काय नेसतात बरे?

पुढे कॅमेरा आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या रहिवाशांचे आणि पाहुण्यांचे छायाचित्रग्रंथ काढले. पहिला भाग १८६३ साली आणि दुसरा १८६६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्यातली गंमत अशी की माणसांचे फोटो एका ठिकाणी घेतले आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडला. माणूस खरा, रस्ताही खरा, पण त्या रस्त्यावर तो माणूस उभाच नव्हता! जातीजमातींचे ‘नमुने’ गोळा करणाऱ्या त्या काळाची वृत्ती या जोडकामात नेमकी दिसते. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही प्रत्येक जमातीच्या पोशाखाचे वर्णन आहे. माहिती म्हणून ते अमोल आहे. पण तिथे एकटा माणूस भेटत नाही, त्याची जमात तेवढी भेटते.

योगायोग असा की जॉन्सनचा पहिला भाग निघाला त्याच १८६३ साली पॅरिसमध्ये बोदलेअर या कवीने कॉन्स्तांतँ गीस या चित्रकारावर एक लांबलचक निबंध छापला. हा चित्रकार शहरभर पायी भटके, गर्दीत मिसळे आणि घरी येऊन आठवणीने कपडे, गाड्या आणि चालण्याच्या ढबी रेखाटे. आजचा काळ पकडायचा असेल तर आजचा कपडा पकडला पाहिजे, असे बोदलेअरचे म्हणणे. एकाच वर्षी दोन वाटा दिसतात. एक वाट माणसाला रस्त्यावरून उचलून दालनात नेते, दुसरी चित्रकाराला दालनातून रस्त्यावर आणते. आपल्याला दुसरी हवी आहे.

धुरंधरांची नजर

ही दुसरी वाट मराठी मुलखात चालून दाखवली ती रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. १८६७ साली कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी त्यांचे नाते इतके दीर्घ होते की आत्मचरित्राला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असेच नाव दिले. १८९० ते १९३१ असा तो काळ. देवादिकांची आणि इतिहासातली चित्रे त्यांनी पुष्कळ काढली, पण आम्हाला ओढ वाटते ती त्यांच्या रस्त्यावरच्या माणसांची. पोस्टकार्डांवर त्यांनी मुंबईची कामवाली, फेरीवाले, वाटसरू असे कितीतरी लोक आणले. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रिया रंगवल्या. निऱ्या कशा पडतात, पदर कोणत्या खांद्यावरून येतो, चोळीची बाही कुठे संपते, हे त्यांच्या चित्रात अंदाजाने येत नाही. त्यांनी ते पाहिलेले असते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुस्तक आहे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’. १९१२ साली निघालेल्या या पुस्तकाचे लेखक एस. एम. एडवर्ड्स त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर होते आणि चित्रे धुरंधरांची होती. मुंबईच्या गल्लीबोळांतून फिरून लिहिलेल्या या लेखांत मोहरमच्या रात्री आहेत, सिद्दी आहेत, इम्तियाजन आणि नूरजान आहेत. मुसलमान मोहल्ल्यांची इतकी जवळून पाहणी त्या काळी क्वचितच झाली. तरीही लेखणी होती पोलीस अधिकाऱ्याची. राज्यकर्ता रात्री रयतेत फिरतो, त्याला जे दाखवले जाते आणि जे तो हुडकतो, तेच कागदावर येते. धुरंधरांची रेघ मात्र त्याहून मऊ आहे. ती माणसाकडे संशयाने पाहत नाही.

आपल्या समाजातूनही चित्रकार झाले. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी ऐन तारुण्यात मुंबईच्या रस्त्यांवर सिनेमाची होर्डिंगे रंगवली. सोलापूरशी नाते सांगणारे अब्दुलरहीम आप्पाभाई आलमेलकर (१९२०-१९८२) खेड्यापाड्यांतून आणि आदिवासी वस्त्यांतून फिरले आणि तिथल्या पोशाखांची, दागिन्यांची नक्षीदार चित्रे करत राहिले. दुसऱ्या बाजूने दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी मराठी मध्यमवर्गीय स्त्रीला साडीचा रंग आणि अंबाड्याचा घाट शिकवला. मराठी घरातले पहिले फॅशनचे चित्र म्हणजे ही मुखपृष्ठेच. पण त्यांवर आमच्या घरातली खाला, फुफी किंवा आपा सहसा दिसली नाही. बाहेरच्यांनी आपला ‘नमुना’ केला, घरच्यांनी आपल्याला चौकटीबाहेर ठेवले आणि आपण स्वतः वही उघडली नाही, असा हा तिहेरी हिशेब आहे.

तीन पिढ्या, तीन लिबास

वही उघडली असती तर काय दिसले असते? १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणला पोहोचली. गाडीबरोबर कोट आला, बूट आला, शिवणयंत्र आले. खिलाफत चळवळीच्या दिवसांत, म्हणजे १९१९ ते १९२४ दरम्यान, लाल तुर्की टोपी ही स्वाभिमानाची खूण झाली. १९२५ साली खुद्द तुर्कस्तानने कायदा करून ती टोपी बंद केली, आपल्याकडच्या डोक्यांवर ती त्यानंतरही राहिली!

बायकांच्या कपड्यांत तर याहून मोठा फेरफार झाला. कोकणी मुसलमान घरांतल्या जुन्या पिढीच्या स्त्रिया साडी नेसत आणि बाहेर पडताना वरून चादर घेत. त्यांच्या मुली सलवार-कमीजकडे वळल्या. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, कोकणातले आणि ठाणे जिल्ह्यातले तरुण आखाती देशांत गेले आणि येताना पेटीतून अबाया आला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी कुटुंबे मुंब्रा-कौशात आली. भीतीने जवळ आलेल्या वस्तीत कपड्यालाही वेगळा अर्थ येतो. आज मुंब्रा स्टेशनाबाहेर उभे राहून फोटो काढणाऱ्याला फक्त काळा रंग दिसतो. जरा थांबून पाहिले तर त्याच काळ्यात बाहीवरचे भरतकाम, स्कार्फचा रंग, कॉलेजची सॅक, नर्सचे पांढरे बूट, हे सगळे दिसते. एकाच घरात नानी साडीत, आई सलवारमध्ये आणि नात अबायात असते. हा बदल कोणाला प्रगती वाटेल, कोणाला पीछेहाट. नोंद करणाऱ्याने आधी नोंद करावी, निवाडा नंतर.

फडके रोड आणि दूधनाका

आपल्याच परिसरात रस्त्यावरच्या पोशाखाचे दोन मोठे देखावे दरवर्षी भरतात. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहिल्या पहाटे गणेश मंदिराच्या परिसरात तरुणाई नवे कपडे घालून जमते. काही काम नसते. भेटायचे, पाहायचे, दिसायचे! १९९९ पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच गावात सुरू झाली आणि तिथून इतरत्र पसरली. ठाण्यात राम मारुती रोड आणि तलावपाळी यांची दिवाळी अशीच. त्या सकाळी तिथे वर्तमानपत्रांचे कॅमेरे हजर असतात.

दुसरा देखावा ईदचा. कल्याणचा दूधनाका, ठाण्याची महागिरी आणि राबोडी, मुंब्र्याचा बाजार. चाँदरात म्हणजे आमचा फडके रोडच. शिंप्याच्या दुकानात पहाटेपर्यंत दिवा, बांगड्यांच्या गाड्या, मेंदीचे हात आणि सकाळी अत्तर लावलेले नवे कुर्ते. कॅमेरे इथेही येतात, पण बहुधा नमाजाच्या सफा तेवढ्या टिपून परत जातात. हजार पाठी एकाच वेळी झुकलेल्या, चेहरा एकही नाही. त्याच गर्दीत बापाच्या कुर्त्याच्या उरलेल्या कापडात शिवलेला मुलाचा कुर्ता असतो, तो कोणी पाहत नाही.

चालण्याचा हक्क

आता मुद्द्यावर येऊ. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आहेत. त्यांत स्मरणचित्राचा विषय असतो : बाजार, बसथांबा, सण. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतली मुलेही बसतात. विषय आला की ती नऊवारीतली भाजीवाली आणि फेटेवाला शेतकरी काढतात, कारण मार्गदर्शक पुस्तकात तेच असते. रोज दिसणारा दूधवाला, रिक्षावाला अब्बा, अबायातली शिक्षिका त्यांच्या कागदावर येत नाही. ‘हे काढले तर चालेल का?’ असा त्यांचा प्रश्न असतो. ज्या मुलांना स्वतःची गल्ली चित्राच्या लायकीची वाटत नाही, त्यांना ती राहण्याच्या लायकीची तरी का वाटावी?

आणि चालायचे कोणी? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात दाखवले की बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी कारण लागते, नुसते रेंगाळणे तिला परवडत नाही. आमच्या मुलींना हे सांगावे लागत नाही. हातात वही असली तर मात्र ते कारण आपोआप मिळते. चौघीजणी मिळून, एका बाईंबरोबर, शेणाळे तलावापासून पारनाक्यापर्यंत चालल्या तर कोणाची हरकत असणार? २००७ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातून ‘अर्बन स्केचर्स’ ही जागेवर बसून शहर रेखाटण्याची चळवळ निघाली, आज तिची मुंबईतही शाखा आहे. न्यूयॉर्कमध्ये बिल कनिंगहॅम (१९२९-२०१६) सायकलवरून फिरत आयुष्यभर रस्त्यावरचे कपडे टिपत राहिले. या कामाला मोठे भांडवल लागत नाही.

पद्धतही साधी आहे. फॅशनच्या आराखड्यात माणूस नऊ डोक्यांइतका उंच काढतात, प्रत्यक्षात तो साडेसात डोक्यांच्या आसपास भरतो. आपण साडेसातच काढावा. आपल्याला कपडा विकायचा नाही, माणूस ठेवायचा आहे. आधी उभे राहण्याची ढब, मग कापडाचा भार कुठे पडतो ते, मग चुण्या. चित्राखाली तारीख, गल्ली आणि कपड्याचे घरात वापरले जाणारे नाव लिहावे. चेहरा काढायचा असेल, फोटो घ्यायचा असेल, तर आधी विचारावे. नाही म्हटले तर वही मिटावी. परवानगीशिवाय काढलेले चित्र हा पुन्हा ‘नमुना’च होतो.

घाई करायला हवी. ठाण्यात समूह पुनर्विकासाच्या योजना राबवल्या जात आहेत, कल्याणचे जुने वाडे आणि कौलारू घरे एकेक करून उतरत आहेत. गल्ली गेली की तिच्यातली चालही जाते, कारण उद्वाहनातून उतरणारा माणूस ओट्यावरून उतरणाऱ्यासारखा चालत नाही. घरोघरच्या पेट्यांतून नानीची शेवटची साडी, दादांची तुर्की टोपी अजून असेल. तिचे चित्र नातीने काढावे आणि नानीकडून त्या कपड्याचे नाव लिहून घ्यावे. इब्न हौकलने आपल्याबद्दल एक ओळ लिहिली, ती हजार वर्षे पुरली. पुढची ओळ आपल्या मुलींनी लिहावी, एवढीच आमची इच्छा आहे.