कोलार येथील न्यूट्रिनो-शोधाचा कालनिर्णय

१. सनदा, महजर आणि शकावल्या यांच्या चिकित्सेस वाहिलेल्या या त्रैमासिकांत सोन्याच्या खाणींत झालेल्या एका भौतिक प्रयोगाची चर्चा कांहीं वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु प्रश्न आपल्या नेहमींच्याच जातीचा आहे. एकच गोष्ट एका वर्षांत दोन दूरच्या ठिकाणीं घडली. दोन्ही पक्षांचे लेख उपलब्ध आहेत. आणि आद्यत्वाचा मान कोणी एकास देतो, कोणी दुसऱ्यास. अशा वेळीं अभिमान बाजूस ठेवून तारखा समोर मांडाव्या, हीच आपली रीत आहे.

२. पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. किरणोत्सर्गी द्रव्याच्या बीटा-क्षयांत कांहीं शक्ति हरवल्यासारखी दिसे. हा हिशेब जुळविण्यासाठीं पाउली या शास्त्रज्ञानें ४ डिसेंबर १९३० च्या पत्रांत एका विद्युद्भारहीन, अतिसूक्ष्म कणाची कल्पना मांडली. त्या पत्रांत कणाचें नांव ‘न्यूट्रॉन’ असें आहे. ‘न्यूट्रिनो’ हें नांव मागाहून रूढ झालें. नामभेदावरून वस्तुभेद मानूं नये, हा आपला नियम येथेंहि उपयोगीं पडतो. पुढें १९५६ सालीं रेनिस व कोवन यांनीं अमेरिकेंत अणुभट्टींतून निघणाऱ्या न्यूट्रिनोचें अस्तित्व प्रयोगानें सिद्ध केलें. १९६२ सालीं ब्रुकहेवन येथें कणांस वेग देणाऱ्या यंत्राच्या साह्यानें त्याचा दुसरा प्रकार सिद्ध झाला. हे दोन्ही न्यूट्रिनो मानवी खटाटोपाचें फल होते. विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणावर आदळून जे न्यूट्रिनो आपोआप उत्पन्न होतात, ते अद्याप कोणीं टिपले नव्हते.

३. न्यूट्रिनो प्रत्यक्षगम्य नाहीं. तो कोट्यवधि कोस खडकांतून निर्वेध जातो. क्वचित् एखादा अणुकेंद्रावर आदळला, तर ‘म्यूऑन’ नांवाचा विद्युद्भारित कण निघतो, आणि तो मात्र यंत्रास दिसतो. म्हणजे हें धूमावरून वह्नीचें अनुमान झालें. परंतु या हेतूंत व्यभिचाराचा दोष आहे. वातावरणांत थेट उत्पन्न झालेले म्यूऑनहि जमिनींत खोल उतरतात, व त्यांची संख्या कितीतरी अधिक असते. हा परकीय धूम वगळावयाचा, तर खडकाचें जाड आवरण डोक्यावर घेणें हाच उपाय.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेस हें आवरण म्हैसूर प्रांतींच्या कोलार सुवर्णखाणींत सांपडलें. ही संस्था होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिली. त्यांच्याच सूचनेवरून बी. व्ही. श्रीकंटन हे १९५१ पासून त्या खाणींत म्यूऑन मोजूं लागले. दहा वर्षांनीं मियाके, नरसिंहम् व रमण मूर्ति यांनीं हेंच मापन टप्प्याटप्प्यानें अधिक खोल नेलें. सुमारें २७६० मीटर खोलीवर दोन महिने यंत्र चालवूनहि त्यांस एकहि म्यूऑन आढळला नाहीं. अनुपलब्धि हेंहि एक प्रमाण आहे असें भाट्ट मीमांसक मानितात; त्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. कांहीं न सांपडल्यामुळेंच न्यूट्रिनो शोधण्यास योग्य स्थळ सांपडलें.

४. प्रत्यक्ष प्रयोग हीथकोट विवरांतून सुमारें २३०० मीटर खालीं उतरून झाला. मुंबई, जपानांतील ओसाका आणि इंग्लंडांतील डरहॅम अशा तीन ठिकाणचे संशोधक त्यांत होते. यंत्राची रचना मार्मिक होती. कण गेला असतां चमकणाऱ्या प्लास्टिकच्या दोन उभ्या भिंती समोरासमोर, आणि त्यांच्यामध्यें शिशाचे पडदे व निऑन वायूनें भरलेल्या काचनळ्यांचे थर. दोन्ही भिंती एकदम चमकल्या म्हणजे नळ्या उजळत, आणि कणाच्या वाटेचें छायाचित्र निघे. भिंती उभ्या ठेवण्याचें कारण असें, कीं वातावरणांतून येणारा म्यूऑन इतक्या खोलीवर जवळजवळ वरूनच येतो. आडवा जाणारा म्यूऑन न्यूट्रिनोपासूनच जन्मलेला असला पाहिजे. व्यभिचार टाळण्याची ही दुसरी युक्ति होय.

५. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गनजीक ईस्ट रँड येथील सोन्याच्या खाणींत, सुमारें ३२०० मीटर खोलीवर, रेनिस यांचें मंडळ द्रवरूप द्रव्याच्या टांक्या मांडून हाच शोध करीत होतें. त्यांचें यंत्र कोलारच्या आधीं सुरू झालें. आतां तारखा पाहूं.

पहिली नोंद : ईस्ट रँड, २३ फेब्रुवारी १९६५, कोलार, २० एप्रिल १९६५.
निबंध नियतकालिकाकडे पोंचला : कोलार, १२ जुलै, ईस्ट रँड, २६ जुलै.
निबंध प्रसिद्ध झाला : कोलार, १५ ऑगस्ट, ईस्ट रँड, ३० ऑगस्ट.

म्हणजे नोंदींत आफ्रिका ५६ दिवसांनीं पुढें, आणि प्रसिद्धींत कोलार १५ दिवसांनीं पुढें. ‘कोलार पहिलें’ व ‘आफ्रिका पहिली’ हीं दोन्ही विधानें आपापल्या जागीं खरीं आहेत. तीं करणारे आपण कोणती तारीख धरिली हें सांगत नाहींत, एवढाच दोष. पत्र लिहिल्याची मिति व पोंचल्याची मिति एक मानली, तर मोहिमांचा क्रम उलटतो, हें येथील वाचकांस सांगणें नको.

माझ्या मतें याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दोन्ही मंडळांचीं यंत्रें भिन्न होतीं, आणि दोघांचे निबंध एकमेकांचे प्रसिद्ध होण्यापूर्वींच रवाना झाले होते. अशा दोन स्वतंत्र साक्षींचा मेळ बसला, म्हणूनच गोष्ट निःसंशय ठरली. कोलारची नोंद दुसरी असल्यानें तिचें मोल उणावत नाहीं. उलट पहिलीस तिच्यामुळें बळकटी येते.

६. या वातावरणजन्य न्यूट्रिनोंच्याच अभ्यासावरून जपानांतील सुपर-कामिओकांदे येथें १९९८ सालीं न्यूट्रिनो आपला प्रकार पालटतात हें दिसून आलें, आणि २०१५ चें नोबेल पारितोषिक त्या कामाच्या वांट्यास आलें. कोलारच्या खाणी मात्र २००१ सालीं बंद पडल्या. स्थळ गेलें म्हणजे कागद हेंच स्थळ होतें. कोलारच्या निबंधावर अकरा नांवें आहेत. परंतु पहाऱ्याच्या वह्या, यंत्र जुळवितांना केलेलीं टिपणें व छायाचित्रांच्या फिती यांवर त्याहून अधिक हातांची अक्षरें असतात. अशा वस्तु निवृत्त संशोधकांच्या घरीं ट्रंकांत पडून राहतात, आणि एका पिढीनंतर रद्दीच्या भावानें जातात. मोडी रुमालांची हीच गति आपण पाहिली आहे. तरी संग्राहकांनीं या नव्या दप्तरांकडेहि वेळींच दृष्टि वळवावी, अशी विनंति आहे. इत्यलम्.