आधी काम, मग चिप

माझा नातू साठवलेल्या पैशांतून पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडणार आहे. त्यामुळे परभणीतल्या आमच्या घरात सध्या एकच चर्चा: प्रोसेसर कोणता? मी इतिहासाचा मास्तर. त्याला पुण्याची गोष्ट सांगितली.

१९८०च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. मागितला त्याहून कमी ताकदीचाच क्रे संगणक द्यायला अमेरिका तयार झाली. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. धुरा होती अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या डॉ. विजय भटकरांकडे.

त्यांनी इन्मॉस या ब्रिटिश कंपनीची टी-८०० ट्रान्सप्युटर चिप निवडली. एकटी ती क्रेपुढे किरकोळच. पण शेजारच्या चिपांशी बोलायला तिला चार दुवे मुळातच होते. अशा ६४ चिपा जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. हवामानाचे गणित नकाशाचे तुकडे करून वाटता येते, म्हणून ते जमले. पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला, तेव्हा सी-डॅकने दुसरे प्रोसेसर घेतले. जोडण्याची विद्या मात्र कामी आली.

गेमचे काम असे सारखे वाटता येत नाही. तिथे थोडेच, पण वेगवान कोअर लागतात. म्हणून नातवाला म्हटले, बाळा, सोळा कोअरचा मोह नको, सहा-आठ पुरेत. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. आणि मदरबोर्ड असा बघ, की उद्या प्रोसेसर बदलता येईल.