टाळू आणि नाक

उर्दूच्या तासाला माझा एक विद्यार्थी कायम अडायचा. 'माँ' म्हणताना त्याच्या तोंडून 'बा' यायचं, नून गुन्ना तर उमटायचाच नाही. तोंड सदा उघडं. "आधी तोंड मिट," असं मी त्याला कितीदा रागावलो. चूक माझी होती; त्याचं नाकच बंद होतं.

टाळू हे तोंडाचं छत, तीच नाकाची जमीन. वरचा जबडा अरुंद असला की टाळू उंच चढतो आणि नाकाची वाट चिंचोळी होते.

१८६० साली सॅन फ्रान्सिस्कोत एमर्सन अँजेल या दंतवैद्यानं एका मुलीच्या टाळूला स्क्रू बसवला. किल्लीनं तो फिरवत दोन आठवड्यांत जबडा रुंदावला. टाळूचा सांधा असा उघडतो, यावर अनेकांचा विश्वास बसेना. शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, अँड्र्यू हास यांनी ते पुन्हा दाखवून दिलं. नाकानं श्वास घेणं सुधारल्याचंही नोंदवलं.

भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात काढलं. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये आलं. तरी आमच्या आष्टीत दातांचा डॉक्टर आठवतो तो दाढ ठणकल्यावरच.

नाक बंद असण्याची कारणं इतरही असतात. ॲलर्जी, वाढलेल्या ॲडिनॉइडच्या गाठी. ते डॉक्टरांनीच तपासावं. पण टाळूचा सांधा वयाबरोबर घट्ट होत जातो, म्हणून उशीर महागात पडतो.

उघडं तोंड रोज शिक्षकासमोर असतं. आता मी रागावत नाही, पालकांना बोलावतो.