एक दस्तक, अनेक चौक्या

उर्दूत दस्तक म्हणजे दारावरची थाप. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र दस्तक म्हणजे परवाना, नाक्यावर दाखवायचा शिक्क्याचा कागद. दोन्हींचे मूळ फारसी 'दस्त', म्हणजे हात. संगणकावर आपण रोज लॉगिन करतो त्यात हे दोन्ही अर्थ येतात. थाप द्यायची आणि परवाना दाखवायचा. दार एकच असेल तर काही अडत नाही. दारे अनेक झाली की प्रश्न पडतो, प्रत्येक ठिकाणी नव्याने ओळख का पटवायची?

हा प्रश्न मुरबाडच्या मातीला जुना आहे. वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट सातवाहनांच्या काळापासून व्यापाराची. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर आजही आहे. पुढे राज्ये वाढली, चौक्या वाढल्या आणि दस्तक कामाला आले. चौकीवरचा माणूस व्यापाऱ्याला ओळखत नसे, शिक्का ओळखत असे. अनेक दारांना एक ओळख पुरते ती अशी.

संगणकात पासवर्ड आला तो १९६१ च्या सुमारास. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी एक मोठे यंत्र अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून हे कुलूप. पण सगळ्यांचे पासवर्ड एकाच फायलीत होते. १९६६ मध्ये गडबड झाली आणि ती अख्खी यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर छापून आली!

खरी अडचण १९८३ नंतरची. एमआयटीने आयबीएम आणि डिजिटल इक्विपमेंट या कंपन्यांसोबत 'प्रोजेक्ट अथेना' सुरू केला. संस्थेच्या आवारात जागोजागी संगणक, फायली एका यंत्रावर, टपाल दुसऱ्यावर, छपाई तिसऱ्यावर. विद्यार्थी कुठेही बसणार. म्हणजे समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही आणि तारेतून पासवर्ड पाठवला तर वाटेत कोणीही ऐकू शकतो. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये यावर एक तोड मांडली होती. दोघांचाही विश्वास असलेला तिसरा मधे ठेवायचा. तीच कल्पना घेऊन स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी 'कर्बेरॉस' रचले. नाव ग्रीक कथेतल्या तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे.

ते चालते कसे, हे शहापूर-मुरबाडच्या मुलांना एसटीच्या पासावरून लगेच कळेल. शाळेचा दाखला आगारात एकदा दाखवायचा आणि पास घ्यायचा. नंतर कंडक्टर दाखला मागत नाही, आगाराचा शिक्का आणि तारीख बघतो. कर्बेरॉसमध्ये पासवर्ड आगारापर्यंतसुद्धा जात नाही. आगार पास कुलूपबंद करून पाठवते, आणि ते कुलूप ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याच्याकडेच उघडते. त्या पासावर मग फायलीचे तिकीट, छपाईचे तिकीट, टपालाचे तिकीट मिळत जाते. पासाला मुदत असते, साधारण एका कामाच्या दिवसाची. सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळलेली लागतात. पाच मिनिटांहून जास्त फरक सहसा चालत नाही.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनने विखुरलेल्या संगणकांसाठी 'डीसीई' ही एकत्रित रचना काढली, तिच्या सुरक्षेचा पाया कर्बेरॉसच होता. ती फार पसरली नाही. घरोघर नाही तरी ऑफिसोऑफिस ही कल्पना नेली ती विंडोज २००० ने.

आता आपल्याकडे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात शाळांसाठी 'सरल' आले. शाळा, विद्यार्थी, शिक्षक यांची पोर्टले वेगळी. शिवाय यू-डायस, शिष्यवृत्ती, पगार. शाळेचे युजरनेम बहुतेक ठिकाणी यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक, जो शाळेच्या पाटीवरही सापडतो. म्हणजे गुपित उरले ते फक्त पासवर्डचे. आणि तो असतो वहीत. कसाऱ्याकडच्या पाड्यांत किंवा माळशेजच्या पायथ्याला रेंज नसली की ती वही बाजारातल्या संगणकवाल्याकडे जाते. तो बिचारा अर्ध्या तालुक्याच्या शाळांची कुलपे सांभाळतो.

इथे दस्तकाची दुसरी गोष्ट आठवते. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांच्या कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी मिळाली. दस्तक कंपनीच्या मालासाठी होते. कंपनीचे नोकर त्यावर स्वतःचा माल काढू लागले, पुढे इतर व्यापाऱ्यांना दस्तके विकूही लागले. चौकीवाला शिक्काच बघणार, त्याला काय कळणार? मीर कासिमने वैतागून १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात उठवली, मग लढाई झाली आणि १७६४ ला बक्सर.

शाळेचे लॉगिनही असेच दुसऱ्याच्या हाती जाते. २०२० च्या अखेरीस झारखंडमधला अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा घोटाळा वृत्तपत्रांनी बाहेर काढला. दलालांनी शाळांचे लॉगिन वापरून खोटे विद्यार्थी दाखवले होते. पैसा होता तो आपल्याच गरीब मुलांच्या नावाचा.

२०२२ मध्ये केंद्राने 'मेरी पहचान' ही एकच लॉगिनची सोय आणली. डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय तिच्यात जोडलेले. कल्पना अथेनाचीच, आणि मला ती पटते. पण अथेनात लॉगिन माणसाचे होते. आपल्याकडे ते शाळेचे आहे. मुख्याध्यापक, लिपिक, संगणकवाला, कोणीही माहिती भरो, नोंदीत नाव शाळेचेच. अशा अवस्थेत सगळी पोर्टले एका किल्लीवर आणली तर वहीतली पाने कमी होतील आणि वही हरवली तर नुकसान वाढेल. आधी प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा, मुदतीचा आणि त्याच्या कामापुरताच पास द्यायला हवा. बाजारातल्या संगणकवाल्यालासुद्धा, फक्त माहिती भरण्यापुरता. आज मुख्याध्यापकांची बदली झाली की नवे मुख्याध्यापक पहिल्या आठवड्यात जुन्यांना फोन लावतात, कारण ओटीपी अजून त्यांच्याच मोबाइलवर जातो.