तंबूंतील ऊब

लढायांचे वृत्तांत लिहिणारे ग्रंथकार घोडे, तोफा आणि माणसें यांची मोजदाद मोठ्या काळजीनें करितात. पण तीं माणसें रात्रीं निजलीं कशीं, अंगावर काय घेऊन निजलीं आणि थंडीच्या दिवसांत त्यांनीं विस्तव कोठें पेटविला, याची चौकशी क्वचितच कोणी करितो. ही चौकशी अगदींच निरुपयोगी नाहीं. हल्लीं दर हिवाळ्यांत पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांतील कितीतरी कुटुंबें शनिवारीं सायंकाळीं पवना धरणाच्या कांठीं तंबूंत मुक्कामाला जातात. त्यांतलीं कांहीं पुढें हिमालयांतील बर्फापर्यंतहि पोंचतात. निघण्यापूर्वीं घरांत एक प्रश्न हटकून निघतो : बरोबर कोणता हीटर घ्यावा? दुकानदाराकडे याचें एक उत्तर तयार असतें. इतिहासाचें उत्तर निराळें आहे.

चाकणपासूनच आरंभ करूं. इ. स. १६६० च्या जूनमध्यें शाएस्तेखानानें येथील संग्रामदुर्गास वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यानें तो भुईकोट ऐन पावसाळ्यांत सुमारें दोन महिने लढविला. त्या वेळीं मोगलांचे डेरे याच सपाटीवर पडले होते. तेथें वैरी थंडी नव्हे, ओल होती. परंतु मोगलांच्या डेऱ्यांचें मूळ थंड मुलुखांत आहे हें विसरतां येत नाहीं. ‘आइन-इ-अकबरी’मध्यें फराशखान्याच्या प्रकरणांत बारगाह, रावटी, शामियाना यांच्याबरोबर ‘खरगाह’ नांवाच्या घडीच्या डेऱ्याचा उल्लेख आहे. मध्य आशियांतील भटक्या लोकांच्या नमद्याच्या वाटोळ्या घराचा हा वंशज. त्या मूळ घराच्या मध्यभागीं विस्तव असे, आणि माथ्यावर, बरोबर विस्तवाच्या वर, धूर जाण्यासाठीं मोकळें तोंड ठेविलेलें असे. म्हणजे विस्तव आंत घेणाऱ्यानें धुराची वाट आधीं काढली आणि मग घर उभारलें. हिंदुस्थानच्या उष्ण हवेंत खरगाहांतला विस्तव मागें पडला आणि डेरा शोभेचा झाला.

आमच्या लोकांची रीत वेगळी होती. दसऱ्याला शिलंगण करून निघालेली मराठी फौज आपला सारा हिवाळा राहुट्यांतच काढी. पण दख्खनच्या थंडीला घोंगडी पुरे, आणि शेकोटी पेटावयाची ती उघड्यावर. विस्तवापाशीं अंग शेकावें, आणि मग घोंगडीच्या आंत ती ऊब सांभाळीत निजावें. मावळांतला धनगर अशीच आगटी पेटवितो. ही रीत गरिबीची खरी. पण तींत शहाणपण किती होतें तें पुढें दिसेल.

या रीतीची भयंकर परीक्षा पानिपतावर झाली. इ. स. १७६० च्या ऑक्टोबरअखेर सदाशिवरावभाऊंची छावणी तेथें पडली आणि १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे उत्तरेंतील थंडीचे जवळजवळ अडीच महिने, ती खंदकाच्या आंत कोंडली गेली. समोरच्या अफगाणांना थंडी घरचीच. अंगांत लोंकरीच्या अस्तराचें कातडी पोस्तीन, आणि घरीं असतांना चौरंगाखालीं निखाऱ्यांचें भांडें ठेवून वर गोधडी पसरण्याची त्यांची ‘संदली’ प्रसिद्धच आहे. मराठ्यांचें सर्व संरक्षण मात्र उघड्यावरच्या शेकोटीवर, म्हणजे सरपणावर अवलंबून. आणि सरपण तर खंदकाच्या बाहेर. शुजाउद्दौल्याच्या चाकरींत असलेल्या काशीराजपंडितानें पुढें इ. स. १७८० च्या सुमारास आपल्या आठवणी लिहून ठेविल्या. एके रात्रीं मराठ्यांच्या छावणींतील सुमारें वीस हजार बुणगे लांकडें आणावयास दूरच्या रानांत गेले असतां गस्तीवरील शहापसंदखानाच्या पांच हजार स्वारांनीं त्यांना घेरलें आणि सरसकट कापून काढलें, असें तो सांगतो. आंकडा फुगलेला असणें संभवनीय आहे. पण एवढा समुदाय जीव मुठींत धरून काळोखांत बाहेर पडला तो कशासाठीं, तें पाहिलें म्हणजे आमच्या इतिहासकारांनीं धान्याच्या टंचाईवर जेवढीं पानें खर्चिलीं त्यांतलें अर्धें तरी पान सरपणाला द्यावयास पाहिजे होतें, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

विस्तव तंबूच्या आंत आणण्याचा शिस्तशीर प्रयत्न पुढें अमेरिकेच्या लष्करांत झाला. हेन्री सिब्ली नांवाच्या अधिकाऱ्यानें इ. स. १८५६ मध्यें शंकूच्या आकाराच्या तंबूचें पेटंट घेतलें. त्याच्या नांवाची पत्र्याची शेगडीहि पुढें फार दिवस चालली. नमद्याच्या घरांतला नियमच येथें पुन्हां दिसतो : शेगडी मध्यभागीं, आणि तिचें नळकांडें थेट तंबूबाहेर. इ. स. १८९२ मध्यें स्वीडनमध्यें निघालेला प्रायमस स्टो, जो आमच्या स्वयंपाकघरांत दोन-तीन पिढ्या फरफरला, तो मात्र नळकांड्याशिवायचा. ध्रुवप्रदेशांतील प्रवाशांनीं तो तंबूंत नेला, पण अन्न शिजविण्यासाठीं व बर्फ वितळविण्यासाठीं.

नळकांडें असूनहि तें तुंबलें तर काय होतें, हें अमेरिकन नौदलांतील रिचर्ड बर्ड यानें भोगलें. इ. स. १९३४ चा दक्षिणध्रुवीय हिवाळा त्यानें बर्फांत पुरलेल्या एका खोलींत एकट्यानें काढला. शेगडीच्या धुराड्यांत बर्फ जमे, आणि शेगडी व विजेचें इंजिन यांच्या विषारी वायूनें तो मरणाच्या दारापर्यंत गेला. मोठें नवल असें कीं, आपल्या सोबत्यांनीं काळोखांत धोका पत्करून येऊं नये म्हणून बिनतारी संदेशांत तो हें लपवीत राहिला.

हा वायु म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, रॉकेल, गॅस, कांहींहि जळो, प्राणवायु अपुरा पडला कीं तो उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट बिलगतो. डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते. आणि निजलेल्या माणसाला तर तेवढीहि सूचना मिळत नाहीं. जानेवारी २०२० मध्यें नेपाळांतील दामन येथें केरळांतून गेलेले आठ प्रवासी, त्यांत लहान मुलेंहि होतीं, गॅसचा हीटर लावून बंद खोलींत निजले आणि दगावले. ती खोली पक्क्या भिंतींची होती. तंबूंतील हवा तर तिच्याहून कितीतरी थोडी.

आतां बाजारांतील गॅसच्या हीटरकडे वळूं. कांहींना हवेंतील प्राणवायु २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरतांच गॅस बंद करणारी योजना असते. ती चांगली आहे. पण ती प्राणवायु मोजते, विष मोजीत नाहीं. विरळ हवेंत अशा हीटरची ज्योत नीट राहत नाहीं; सात हजार फुटांपलीकडे त्यांतले कांहीं आपोआप विझतात, म्हणजे जेथें गरज अधिक तेथेंच ते रुसतात. शिवाय ब्यूटेन वायु शून्य अंशाच्या किंचित् खालींच द्रवरूप होऊन डब्यांत बसून राहतो. कडाक्याच्या थंडींत प्रोपेनचें मिश्रणच लागतें. आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाहीं : एक किलो गॅस जळला कीं दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ती तंबूच्या कापडाला लागून थिजते आणि पहांटे अंथरुणावर ठिबकते.

विजेच्या हीटरला हे दोष नाहींत, पण त्याचा हिशेब कठीण आहे. पांचशें वॉट-तासांची बॅटरी दीड हजार वॉटचा हीटर वीस मिनिटें चालवील. तीच पन्नास वॉटचें विजेचें पांघरूण जवळजवळ रात्रभर उबदार ठेवील. तंबूभर हवा तापविण्याऐवजीं अंगाजवळचीच ऊब राखावयाची, ही घोंगडीचीच युक्ति आहे.

पुण्याचें तपमान जानेवारी १९३५ मध्यें १·७ अंशांपर्यंत उतरलें होतें, पण तो अपवाद. एरव्हीं पवनेच्या कांठीं हिवाळ्याच्या रात्रीं आठ-दहा अंशांची थंडी म्हणजे पुष्कळ झाली. तेथें हीटर नेणें आमच्या मतें निव्वळ हौस आहे. खालून जमिनीचा गारवा न लागेल अशी जाड चटई, चांगली झोंपण्याची पिशवी, कानटोपी, आणि बाहेरच्या शेकोटीवर पाणी तापवून भरलेली रबरी पिशवी एवढ्यानें लहान मुलेंसुद्धां सुखानें निजतात. शेकोटी विझल्यावर उरलेले निखारे घमेल्यांत घालून तंबूंत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. धूर दिसत नाहीं म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, आणि घात करितात ते तेच. हिमालयांत जावयाचें असेल तर नेणाऱ्या संस्थेला आधीं विचारावें कीं मुक्कामाच्या तंबूला बुखारी आहे काय, तिचें नळकांडें बाहेर काढलेलें आहे काय, आणि निजण्यापूर्वीं ती कोण विझवितो. तिसऱ्या प्रश्नाला नांव घेऊन उत्तर मिळालें नाहीं, तर बुखारी नसलेला तंबू मागून घ्यावा आणि दोन रजया जास्त न्याव्या.